खऱ्या बातमीची माफी

आमचे प्यो जे-मुक सर एकतीस वर्षं पत्रकारितेच्या पोरांना कायदा शिकवत आले: बातमीचा, बदनामीचा आणि माहिती मागायच्या हक्काचा. मी विभागातली कारकून. त्यांचे अर्ज, स्मरणपत्रं, अपिलं सगळं माझ्याच हातून टपालात गेलं. माणूस एवढा विद्वान, पण कुणापुढे हात पसरायचे म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची. आणि नेमकी तीच वेळ आली.

मा हे-रिन ही त्यांची विद्यार्थिनी. तिने नगरपालिकेत माहितीचा अर्ज करून तपासणीचे अहवाल मिळवले आणि छापलं, की बांग नावाच्या मालकाच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांचे हात पलंगाला बांधतात. अक्षर न् अक्षर खरं. बांगने बदनामीची फिर्याद ठोकली. आमच्या कोरियात खरं लिहूनही बदनामी होते, बरं का! लोकांच्या भल्यासाठी लिहिलं, हे कोर्टात सिद्ध करत बसा दोन-तीन वर्षं. पोरीला सोलच्या पेपरात नोकरी लागलेली. डोक्यावर खटला असेल तर घेणार नाही, म्हणाले ते. मात्र फिर्यादीनेच 'शिक्षा नको' असं लिहून दिलं, तर प्रकरण तिथेच मिटतं.

म्हणून आम्ही तिघं माझ्या गाडीतून बांगकडे निघालो. सरांच्या मांडीवर नाशपातींची पेटी. माफी मागायला रिकाम्या हाताने कोण जातं?

"सर, मी खोटं काय लिहिलंय?" हे-रिनने विचारलं.

"काहीच नाही गं."

"मग माफी कशाची?"

सर खिडकीबाहेर बघत बसले. माझं डोकं सणकलं. "गप बस, पोरी! त्यांना काय हौस आलीय?"

बांगने पेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. साठी उलटलेले आमचे सर त्याच्यापुढे गुडघे टेकून बसले.

"अरे वा, प्राध्यापकसाहेब! टीव्हीवर तर मोठमोठे कायदे सांगता," बांग हसला. "करतो सही. पण पोरीने स्वतःच्या हाताने लिहायचं, बातमी खोटी होती. नुसतं 'चुकलं, माफ करा' मला नको."

"ते खोटं होईल," सर पुटपुटले.

"मग चालू द्या खटला."

हे-रिनने सरांकडे पाहिलं. "सर, लिहू?"

ती पेटी उचलून मेल्याच्या टाळक्यात घालावी, असं वाटलं मला. सरांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. मग म्हणाले, "लिही."

तिने लिहिलं. बांगने सही दिली आणि तिचा कागद आपल्या मॅनेजरच्या हातात ठेवला. "आजच नगरपालिकेत पोचव. तपासणीच्या फायलीला लावा म्हणावं."

परत येताना पोर ढसाढसा रडत होती. मी म्हटलं, "सर, सुटली ना ती! नोकरी वाचली."

"सुटली," सर म्हणाले. "पण बाई, उद्या कुणी लेक आईला तिथे ठेवण्याआधी माहितीचा अर्ज करेल. शहाणी असेल तर करेलच. तिला हाच कागद मिळेल. आणि ती आईला तिथे ठेवेल."