कुंकवावर घातलेला आळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही. पारनेरच्या एसटी स्टँडजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, मागच्या खोलीत क्लास चालतो, आणि निम्मा तालुका मला सर म्हणतो. सरांना सगळं कळतं, असं लोक धरून चालतात. कळतंच हो — तीच तर अडचण आहे.

पण आधी सुनंदाताईंबद्दल सांगतो. कारण यात जिंकलं कोण, तर त्या. आणि ते सांगताना मला अजूनही आनंद होतो. मी कोणत्या तोंडाने आनंद मानावा, हा भाग वेगळा.

जवळच्या एका गावात दूध संकलन केंद्र आहे. सुनंदाताई तिथे कॉम्प्युटरवर बसायच्या. दहावीनंतर वीस वर्षांनी माझ्या क्लासला आल्या, पहिले आठ दिवस माउसला हात लावायला घाबरल्या, आणि तीन महिन्यांत मलाच प्रश्न विचारून भंडावून सोडायला लागल्या. केंद्रावर सकाळी किटल्यांची रांग लागते. दूध मोजायचं, फॅट बघायची, आकडे टाकायचे, पावती द्यायची. ती खुर्ची म्हणजे गावात मान. एरवी कुणाला न जुमानणारे बाप्ये तिथे ‘ताई, तेवढी पावती’ म्हणून उभे राहायचे. ताईंना त्याची मोठी ऐट होती, आणि का नसावी?

ती खुर्ची मी त्यांच्याकडून काढून घेतली.

झालं असं. खंडेनवमीला आपल्याकडे अवजारं पुजतात — नांगर, विळा, ट्रॅक्टर, शिलाई मशीन. ताईंचं अवजार कॉम्प्युटर. त्यांनी त्याच्या डब्याला झेंडूचा हार घातला आणि मनापासून हळदकुंकू वाहिलं. त्यातलं चिमूटभर जाळीतून आत गेलं. पुढे दिवाळी झाली आणि मशीन अडायला लागलं. एकेक पावतीला मिनिट-मिनिट. रांग पार रस्त्यापर्यंत, दूध न्यायला आलेला टेम्पो हॉर्न वाजवतोय, लोक तोंडाला येईल ते बोलतायत.

ताईंचा मला फोन आला. “सर, समदं न्हाई अडत. जुनी पावती उघडली तर झटक्यात येती. नवीन लिवली की मंगच दम खातंय.”

इतकं नेमकं निदान! वाचायला चालतं आणि लिहायला अडतं — म्हणजे दुखणं कुठे आहे हे बाईंनी फोनवरच सांगून टाकलं होतं. मी गेलो. पडदा माझ्याकडे वळवून घेतला. डिस्क शंभर टक्के गुंतलेली, आणि काम बघावं तर काडीचं नाही. सगळी माहिती साठवते ती एसएसडी, ती तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं. निकाल — खराब. लिहायला गेलं की ती अडखळत होती, पुन्हा पुन्हा तेच लिहू बघत होती. दोन मिनिटांत सगळं माझ्यासमोर होतं.

मग मी डबा उघडला. पंख्यावर कुंकू दिसलं.

ते बोटावर घेतलं, रांगेला दाखवलं आणि म्हणालो, “ही बघा ताईंची पूजा. मशीनचा जीव घेतला हिनं.” लोक हसले. केंद्राचे चेअरमन हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीवर त्यांचा पुतण्या, आणि सुनंदाताई मागे मोरीवर, दुधाच्या नमुन्याच्या बाटल्या धुवायला.

मी का केलं असं? कारण ती एसएसडी मी बसवली होती. त्याच उन्हाळ्यात, नवीन म्हणून. ती नवीन नव्हती. कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसच्या मशीनमधून काढलेली, माझ्या ड्रॉवरमध्ये पडून होती. पुसली, नव्या खोक्यात घातली आणि केंद्राच्या गळ्यात मारली. हे उघडं पडण्यापेक्षा कुंकू बरं, असं मला त्या क्षणी वाटलं — क्षणी तरी का म्हणू? पुढेही रोज वाटत राहिलं.

मी पंखा साफ केला, जुना पसारा पुसून विंडोज नव्याने टाकलं. मोकळी जागा मिळाली की अशी टेकीला आलेली एसएसडीही थोडे दिवस बरी चालते. ती चालली. म्हणजे कुंकूच दोषी, हे गावाला पटलं. नंतर पुन्हा अडू लागली तेव्हा मी कधी धुळीचं, कधी व्होल्टेजचं नाव घेतलं. गुपचूप बदलून टाकता आली नसती का? आली असती. पण मग ‘हे आधी का नाही केलं’ असं कुणीतरी विचारलं असतं.

आता ऐका, बाईंनी काय केलं. बाटल्या धुता धुता त्या मशीनकडे बघत राहिल्या. वर्ष गेलं. पुढच्या खंडेनवमीला त्यांना डब्याजवळ फिरकूही दिलं नाही. आणि तरी मशीन अडलंच! एका सकाळी रांग तटली, पुतण्या घामाघूम झाला, चेअरमननी मला बोलावून घेतलं. मी पोचलो, तर सुनंदाताई पदराला हात पुसत पुढे आल्या होत्या.

“औंदा कुंकवाचा कणबी न्हाई आत,” सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या. “मंग आता कुनाची पूजा नडली?”

रांगेतल्या बाया खो-खो हसल्या. पुतण्या उठला, ताई बसल्या. मोबाईलवर बघून बघून शिकलेलं तेच सॉफ्टवेअर त्यांनी सगळ्यांसमोर चालवलं. खराब! लाल अक्षरात! लेकीकडून मागवलेली नवी एसएसडी पिशवीतून काढली. आधी जुनीवरचं सगळं, विंडोजपासून पावत्यांपर्यंत, धीराने नवीवर उतरवून घेतलं — टेम्पोवाल्याला म्हणाल्या, “थांब रं, तुजं दूध नासत न्हाई एवढ्यात” — मग स्वतः चार स्क्रू काढले, नवी बसवली. मशीन सुरू झालं आणि पहिली पावती सर्रकन बाहेर आली. माणसांनी किटल्यांची झाकणं वाजवली, अगदी वरातीत वाजवावीत तशी. माझा ऊर भरून आला, खोटं नाही सांगत. माझी विद्यार्थिनी होती ती!

पण मधे एक गोष्ट घडली होती. त्या लाल अक्षरांखाली एक ओळ होती — ही एसएसडी आजवर एकूण किती तास चालली आहे. तो आकडा बसवल्यापासूनच्या दिवसांत मावणारा नव्हता. ताई पिशवीत हात घालत होत्या, तेवढ्यात मी पुढे झालो आणि पडद्यावरची ती खिडकी बंद केली. नंतर ‘ही फेकून देतो’ म्हणत जुनी खिशात टाकली. चेअरमननी विचारलं, “सर, तवा तुमाला दिसलं न्हवतं व्हय?” मी मान हलवून नाही म्हणालो. ताईच मधे पडल्या — “असू द्या हो. मानूस चुकतंच की.”

त्याच आठवड्यात ग्रामसभेत सुनंदाताईंचा सत्कार झाला. खुर्ची तर परत मिळालीच होती, वर शाल आणि नारळ. मलाही आग्रहाने बोलावलं होतं. ताईंनी शाल अंगावर घेतली, टाळ्या थांबू दिल्या आणि म्हणाल्या, “मला पयल्यांदा माउस धरायला सरांनी शिकवलं. नारळ त्येंचा.” आणि भरसभेत तो माझ्या हातात दिला, शिवाय वाकून माझ्या पायाला हात लावला.

मी चुकलो नव्हतो. मला दिसलं होतं. नारळ घेतला, घरी नेला, फोडला आणि खाल्ला.