शुभहस्तांचं तापमान

विश्वातला प्रत्येक कण अखंड धावत असतो आणि त्या धावण्यालाच आपण उष्णता म्हणतो. हे वाक्य मी अकरावीच्या वर्गांना नऊ वर्षं सांगितलं आणि बहुतेक वेळा धापा टाकत सांगितलं. सकाळचे तास बजाजनगरच्या कॉलेजात, दुपारचे पडेगावच्या आणि मधे माझी स्कूटर. दोन्हीकडे मी तासिका तत्त्वावर होतो. म्हणजे जूनमध्ये नेमणूक, एप्रिलअखेर ती संपली आणि पुढच्या जूनचं संस्थेच्या अध्यक्षांच्या मर्जीवर.

पडेगावचे अध्यक्ष मला आवडत नसत. त्यांनी वडिलांच्या नावानं भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा बांधली. तिची कोनशिला तिच्या खिडकीपेक्षा मोठी होती. छताला पत्रा. उद्घाटन एप्रिलमध्ये, भर दुपारी.

प्राचार्यांनी मला बोलावलं. "नुसती फीत नको, सर. एखादा प्रयोग पाहिजे. तुमच्या जूनचं साहेबांच्या कानावर घालायला मला तेवढंच निमित्त."

मी छर्र्यांचा प्रयोग निवडला. मीटरभर लांबीची पातळ प्लास्टिकची नळी, दोन्ही टोकं बंद, एका टोकाजवळ तापमापी घालायला बूच लावलेलं छिद्र, आत शिशाचे छर्रे. नळी उलटी केली की छर्रे वरून खाली आपटतात. त्यांची गती आपटल्यावर थांबल्यासारखी दिसते, पण नाहीशी होत नाही. ती शिशाच्या कणांच्या थरथरण्यात जाते. पन्नासदा उलटवलं की छर्रे दोन-तीन अंशांनी तापतात. अट एकच: छर्रे जमतात त्या टोकांना उघडा हात लागता कामा नये. म्हणून आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर चाचांनी दोन्ही टोकांना जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

निमंत्रणपत्रिका छापून आली. 'प्रयोग' या शब्दापुढे लिहिलं होतं, 'माननीय अध्यक्ष यांच्या शुभहस्ते'.

"सर, हात लागू द्यायचा नाही, हीच तर यातली मेख आहे," मी प्राचार्यांना म्हणालो.

"मग काय, पत्रिका बदलायची?" जणू मी पृथ्वी उलटी फिरवायला सांगत होतो.

अध्यक्ष सव्वा तास उशिरा आले. तोवर पत्रा चांगलाच तापला होता. मी सर्वांदेखत छर्र्यांचं तापमान घेतलं, खोलीइतकंच, एकेचाळीस अंश, आणि फळ्यावर लिहिलं. अध्यक्षांनी नळी न्याहाळली.

"हे काय गबाळं गुंडाळलंय?"

"साहेब, हाताची उष्णता आत जाऊ नये म्हणून."

"आमच्या हाताची उष्णता लई जणांनी बघितली." हशा झाला, प्राचार्यांचा सर्वांत आधी. "तासिकेवाले ना तुम्ही? मग तास संपायच्या आत उरका."

पट्ट्या निघाल्या. अध्यक्षांनी गदा धरावी तसं नळीचं खालचं टोक दोन्ही पंजांत धरलं, फोटोसाठी ती चारदा उलटवली आणि मग तशीच हातात धरून भाषण सुरू केलं. गती म्हणजे ऊर्जा, ऊर्जा म्हणजे प्रगती, आणि आपण बिडकीनहून सायकलवर कसे येत होतो. वीस मिनिटं. मनगटांवरून घाम नळीवर ओघळत होता. छर्रे खाली गुपचूप बसून होते. त्या खोलीत प्रगती न करणारे तेवढेच नव्हते.

"हं, सर, बघा. किती चढलं?"

मी बूच काढून तापमापी आत घातली. चाचा माझ्या खांद्यावरून वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "सर, ये तो उतर गया." माइक चालू होता.

"एकोणचाळीस," मी म्हणालो.

"म्हणजे वाढलं किती?"

"दोन अंशांनी कमी झालंय, साहेब."

"व्हय? म्हणजे तुमचा प्रयोगच फसला."

"प्रयोग बरोबर आहे, साहेब."

"मग काय मी चुकलो?"

इथं गप्प बसणं हा जूनकडे जाणारा सरळ रस्ता होता. मी म्हणालो, "नळी तेवढी चुकीची धरली."

संध्याकाळी प्राचार्यांनी प्रयोगशाळेची नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "वाढ तीन अंश लिहा आणि सही करा. साहेब उद्या वही बघणार आहेत. जूनचं मी बघतो."

मी पेन उघडलं. शौर्य वगैरे काही नव्हतं. पण घरून पाठ करून आणलेली उत्तरं मी मुलांच्या वह्यांत नऊ वर्षं लाल शाईनं खोडली होती. हाताला तीच सवय. मी लिहिलं: सुरुवातीला ४१, शेवटी ३९, नळी उलटवली चार वेळा.

"तुम्हाला माणसं कळत नाहीत," वही ओढून घेत प्राचार्य म्हणाले. मी म्हणालो, माझा विषय शिसं होता.

जूनमध्ये पडेगावचा आदेश आला नाही. आता मी फक्त बजाजनगरला शिकवतो आणि दुपारी स्कूटर सावलीत उभी असते. अध्यक्ष मात्र तो किस्सा अजून समारंभांत सांगतात, म्हणे. आपल्या हाताच्या नुसत्या स्पर्शानं तापलेलं शिसं थंड झालं आणि विज्ञानाच्या मास्तरालाही ते उलगडलं नाही.

उलगडलं होतं. छर्रे एकेचाळीस अंशांवर होते; माणसाचा घामेजलेला तळहात पस्तिसाच्या आसपास असतो. अध्यक्षांचाही.