गलोंड्यातला अहिराणी रॅप

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी मुंबईच्या एका साप्ताहिकात संगीतावर लिहायचे. बोलीभाषेत रॅप करणाऱ्यांना शोधत फिरायचं वेडच लागलं होतं. अशात सिल्वासाजवळच्या गलोंड्याहून एक कॅसेट आली. धुळ्याकडचा संजय, धाग्याच्या कारखान्यातला ऑपरेटर, अहिराणीत रॅप करत होता. गाण्यात रात्रपाळी, मशीन, गावी मागे राहिलेली आई. ताल असा पक्का, की गणपतीत मी निघालेच.

सिल्वासाला रेल्वे नाही. वापीला उतरून शेअर रिक्षा धरायची. वाटेत दादराला वनगंगा तलावाची बाग आहे, जरूर थांबा. मला मात्र कधी एकदा पोचते असं झालं होतं.

गलोंड्यातल्या खोलीत संजयच्या बायकोनं, रत्नानं, शेवभाजी वाढली. झणझणीत. मी म्हटलं, "संजयभाऊ, कॅसेट फार आवडली."

तो नुसता हसला आणि तिच्याकडे बघू लागला. तिनं त्याच्याकडे तोंड करून सावकाश तेच सांगितलं.

तो हात धुवायला गेला तशी ती हळूच म्हणाली, "ताई, मशीनच्या आवाजानं कान गेले त्यांचे. कॅसेट केली तवा थोडं ऐकू यायचं. हाई पेपरमा लिखू नका. कंपनीवाले काढी टाकतीन."

संध्याकाळी चाळीच्या गणपतीपुढे त्याचा कार्यक्रम होता. टेपवर ठेका सुरू झाला. रत्ना मागे उभी राहून त्याच्या खांद्यावर बोटांनी ताल देत होती. पहिलं कडवं झकास झालं. मग पोरांची रेटारेटी झाली, रत्ना बाजूला ढकलली गेली. ठेका एकीकडे, संजय दुसरीकडे. लोक हसायला लागले. तो डोळे मिटून जीव तोडून गात राहिला.

"कसं जमनं?" गाणं संपल्यावर त्यानं विचारलं.

"भारी!" रत्ना म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी हसेपर्यंत उशीर झाला होता. त्यानं माइकची वायर गुंडाळली.

सकाळी मी निघाले तेव्हा तो पहिल्या पाळीला गेला होता.

घरी येऊन मी फक्त कॅसेटवर लिहिलं, तालाचं भरभरून कौतुक केलं. कानांबद्दल एक अक्षर नाही. तो कारखाना पुढे बंद पडला, म्हणून आज सांगतेय.

लेख छापून आल्यावर रत्नानं एसटीडी बूथवरून फोन केला.

"लेख दाखवलास त्याला?" मी विचारलं.

"त्यांनी सोताच वाचला, ताई. वाचीसन मले इचारं, 'हाऊ पक्का तालवाला कोन शे?'"