काकूंचं प्रेशर

अख्ख्या यवतमाळात ब्लड प्रेशर दागिन्यासारखं मिरवणारी बाई एकच असेल, आणि ती नेमकी माझी घरमालकीण निघावी, याचा मला अजूनही राग येतो. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलसाठी प्रेशर मोजायचा सराव हवा होता, आणि माझ्यासारख्या घुम्या मुलीला वर्गात कुणाला विचारायची हिंमत नव्हती. काकू म्हणाल्या, "माह्यं घे." तिथेच मी फसले.

दंडाला पट्टा आवळून मी स्टेथोस्कोप कानाला लावला, की काकूंना बोलायची हुक्की यायची. गप्प बसा म्हटलं, तर "हात देल्ला तुले, तोंड नाई देल्लं!" महागावकडे त्यांची शेती होती, आणि त्या वर्षांत कापसाचा भाव काही वर यायचं नाव घेत नव्हता. व्यापारी, सरकार, बोंडअळी, सगळ्यांचा उद्धार माझ्या कानाशी चालायचा. त्या गदारोळात ठोका बिचारा कुठून ऐकू येणार? वर, ओट्यावर येणाऱ्या प्रत्येक बाईला "हे आमची डाक्टरीण" म्हणून माझ्यापुढे बसवायच्या. एकीने गुडघ्याचं विचारलं. यंदा फक्त निरोगी शरीर कसं चालतं तेवढंच शिकवतात, आजार नंतर, असं मी पुटपुटले. काकू कडाडल्या, "एवढं जाडं पुस्तक अन् त्यात एकबी बिमारी नाई? चांगल्या माणसाले डाक्टर कायले लागते वं?" बाया खो-खो हसल्या. मी खोलीत जाऊन पुस्तक आपटलं.

कळस म्हणजे तो आकडा त्यांना परीक्षेतल्या मार्कांसारखा वाटायचा. शेजारणीला म्हणायच्या, "तुह्यं एकशे वीसच? माह्यं पाय, एकशे सत्तर!" जास्त आहे, दवाखान्यात दाखवा, असं मी हळूच म्हटलं. "राहू दे जास्त. कापूस खाली चालला, माह्यं तरी काही वर जाऊन राह्यलं!" त्या हसल्या, पण सकाळपासून कपाळाला फडकं बांधून होत्या. माझ्या पुस्तकात आजार नव्हते, पण निरोगी माणसाचा आकडा होता, आणि हा तो नव्हता.

एका संध्याकाळी भरल्या ओट्यावर त्यांनी पुन्हा तेच सुरू केलं आणि मी ओरडले, "मार्क नाहीत ते, काकू! अशाच एक दिवस पडाल आणि उठणार नाही!"

जन्मात मी कुणावर आवाज चढवला नव्हता.

"माय वं!" काकू म्हणाल्या. "बोलते वाटते हे पोरगी!"

दुसऱ्या दिवशी रागाने गाल फुगवून त्या माझ्याच सोबत सरकारी दवाखान्यात आल्या. गोळ्या सुरू झाल्या, लोणचं बंद झालं. काही आठवड्यांनी मी पुन्हा पट्टा बांधला आणि आनंदाने सांगितलं, "काकू, उतरलं! आता सगळ्यांसारखं आहे."

"सगळ्याईसारखं," त्या म्हणाल्या. मग रस्त्याकडे बघत, "म्हंजे आता बायाईले सांगाले काईच नाई राह्यलं."

मी पट्टा सोडायला लागले होते. तो तसाच राहू दिला, आणि त्यांनी पुन्हा बोलायला लागावं म्हणून उगाचच हवा भरू लागले.