मिझहरचा खोकला

इराकमधल्या उर या प्राचीन शहराच्या उत्खननात मी माती वाहायचो आणि मिझहर सुरीने वस्तूंभोवतीची माती खरवडायचा. नाजूक काही लागलं की सगळे त्यालाच हाक मारत. फक्त त्याचा खोकला वाईट होता.

त्या दिवशी एका थडग्यात त्याला शिंपल्याचे वीस चौकोन लागले. तो सुमेरी लोकांचा खेळायचा पट होता. खालच्या लाकडाची कधीच माती झाली होती, चौकोन नुसते धुळीवर टेकले होते. वरून वितळलेलं मेण ओतलं, तरच मांडणी न मोडता उचलता येणार होती. मेण अजून स्टोव्हवर होतं आणि वारा सुटला.

मिझहरने पालथं पडून आपला झगा पटावर आडोशाला धरला. तेवढ्यात त्याच्या छातीत घरघर सुरू झाली.

"लफ्ताच्या बापा, आत्ता खोकलास तर हजारो वर्षं उडाली बघ," मुकादम दाखिल म्हणाला. लफ्ता हा मिझहरचा मुलगा.

"मला बोलायला लावू नकोस रे! मेण आण!"

दाखिलने मेण आणलं. कडेचा चौकोन घसरत होता, तो मिझहरने बोटांनी अडवला होता.

"हात काढ, भाजेल."

"काढला तर पडेल. ओत."

मेण बोटांवरून वाहिलं. त्याच्या कपाळाच्या शिरा तटतटल्या, पण त्याने श्वास सोडला नाही. मेण घट्ट झाल्यावर दाखिलने त्याची बोटं सोडवली. मिझहर ढिगाऱ्यामागे पळाला आणि कितीतरी वेळ खोकत राहिला. परतल्यावर पटाकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"तूच मोज," तो म्हणाला.

दाखिलने दोनदा मोजले.

"वीसच्या वीस. बस आता, पाणी पी."