मागे चौघं बसतात

चूक मोजणीदारांचीच होती. पस्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या उरावर बसले तरी यांनी साखळी वीतभर इकडची तिकडे होऊ दिली नाही. आणि निवृत्त झाल्यावर एका साध्या प्रश्नाला खोटा आकडा सांगून मोकळे झाले. प्रश्न होता, "मागे किती माणसं बसतात?" मोजणीदार म्हणाले, "चौघं."

विचारलं होतं पाटेवाल्या ताईंनी. ट्रकच्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची एकाखाली एक रचलेली जी कमान असते, तिला धंद्यात पाटे म्हणतात. वडिलांच्या पश्चात ताई ते बनवायची भट्टी चालवत होत्या, त्याला वीस वर्षं होऊन गेली होती. आवाज घणासारखा, बोलणं मोजकं.

गाडी होती मोजणी खात्याने लिलावात काढलेला जुना डोंगरी ट्रक. पुढे दोन सीटा, मागे लांब बाकडं, त्यामागे हौदा, आणि चाकं छातीएवढी. मोजणीदारांची उमेदीची वर्षं याच ट्रकमध्ये गेली होती, म्हणून निवृत्तीच्या पैशातून त्यांनी तोच घेतला. बायको जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मुलगी, जावई आणि दोन नातवंडं परदेशात. त्या चौघांना डोंगरमाथ्यावर न्यायचं, तिथे तरुणपणी आपण स्वतः रोवलेला मोजणीचा दगड दाखवायचा, असा बेत होता. मुलगी दर वर्षी म्हणायची, बघू बाबा, सुट्टी मिळाली की. तोवर ट्रकची म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत. महिन्यातून एकदा डोंगर, आणि रोज भाजीबाजार, बँक, वाचनालय.

मागची जुनी कमान खचली तेव्हा गल्लीतला प्रत्येक जण इंजिनियर झाला. टायरवाला म्हणाला, पाटे जुन्या जमान्याचे, गोल स्प्रिंग टाका, गादीवर बसल्यासारखं वाटेल. ताईंनी ते झटक्यात उडवून लावलं. पाटा वजनही पेलतो आणि चाकांच्या एक्सललाही जागेवर धरतो. गोल स्प्रिंग नुसतं वजन पेलते, एक्सल धरायला चार दांड्या लावा, त्यासाठी गाडीची चासी कापा, आणि एवढं करून बाजारातल्या वळणावर गाडी झुलणार ती झुलणारच. गोल स्प्रिंग खडकाळ डोंगरावर ठीक, तुम्ही काय तिथे राहणार आहात का, असं त्यांनी विचारलं, आणि त्यापाठोपाठ तो दुसरा प्रश्न, मागे किती माणसं बसतात.

चौघांच्या हिशेबाने त्यांनी सात पाट्यांची जाडजूड कमान बसवली. चौघं असते तर गाडी झोकात गेली असती. एकट्या मोजणीदारांना तिने जुमानलंच नाही. पहिल्याच गतिरोधकावर तिने मागचे पाय झाडले, मोजणीदारांचं टक्कल टपाला लागलं, आणि टोमॅटो पिशवी सोडून वाचनालयाच्या पुस्तकावर जाऊन बसले. औषधाच्या दुकानदाराने तिथल्या तिथे गाडीचं नाव ठेवलं, खोंड. मोजणीदारांनी नगरपालिकेला रस्त्याबद्दल तक्रार लिहिली. नाचता येईना, अंगण वाकडं.

पण पाट्यांचं दुखणं त्यांना बरोबर कळलं होतं. खरं सांगून ते सुटले असते. त्याऐवजी त्यांनी खोटा आकडा खरा करायचा घाट घातला. शेजारी एक गवंडी भिंत बांधत होता. त्याच्याकडून त्यांनी चार पोती आणि त्यांत भरायला वाळू उसनी घेतली. भरायची किती, म्हणून मुलीला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, आमची वजनं कशाला हवीत तुम्हाला?" हे म्हणाले, सहज. तिने हसत हसत तिघांची सांगितली. धाकटी वजनकाट्यावर उभीच राहत नाही म्हणाली. धाकटीला मोजणीदारांनी फोनच्या काचेतच पाहिलेलं. तिचं पोतं अंदाजाने भरलं, वीसेक किलोचं.

चार पोती बाकड्यावर ओळीने बसली. वळणावर कलंडू नयेत म्हणून त्यांना पट्टे लावले. आणि काय सांगावं, खोंडाची गाय झाली. महिनाभर मोजणीदार बाजारातून असे हिंडले, की पाहणाऱ्याला वाटावं यांच्या घरी पाहुणे आहेत.

मग गवंड्याची वाळू संपली. तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "काका, माझी भिंत अडलीय. तुमची मंडळी उतरणार कधी?"

आता इलाज नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजणीदार भट्टीवर गेले आणि पाट्यांत काहीतरी दोष आहे, असं म्हणाले. पोती काढून ठेवायचं त्यांना सुचलं नव्हतं, की धीर झाला नव्हता, कोण जाणे. ताईंनी मागचं दार उघडलं. दोन मोठी पोती, एक मधलं, एक लहान, चौघांना पट्टे. भट्टीवरचे कामगार हसायच्या बेतात होते. ताईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि ते कामाला लागले. मग त्यांनी स्वतः एकेक पट्टा सोडून पोती खाली उतरवली. मागच्या बंपरवर उभं राहून दोनदा अंग टाकलं. गाडी ढिम्म हलली नाही.

"पाटे चांगले आहेत, काका," त्या म्हणाल्या. "मागे किती माणसं बसतात?"

मोजणीदारांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कोणी नाही."

ताईंनी मान हलवली, जणू एखादं साधं माप कळलं.

"मग तीन पाटे काढते. मऊ होईल."

"आणि ती चौघं आली तर? गाडी खाली टेकेल."

ताईंनी थोडा विचार केला. "तळाशी एक जाड सपाट पाटा ठेवते, वरच्याला न टेकणारा. रिकाम्या गाडीत तो नुसताच असतो, त्याचा जाच नाही. वजन आलं की कमान खाली येते, मग तो धरतो."

"आणि वजन आलंच नाही तर?"

"तर वर्षातून एकदा तेल लावायला आणा. गंजायला नको."

दुपारी काम झालं. मोजणीदार गुडघ्यावर बसले आणि तळच्या पाट्यावरची फट मोजून पाहिली. बरोबर दोन बोटं. परतताना गतिरोधकावर गाडी नुसती मान डोलावून पुढे गेली. औषधवाला दारात उभा होता. त्याला बोलायला काही मिळालं नाही, आणि मोजणीदारांना उगीच चुकल्यासारखं वाटलं.

त्याच संध्याकाळी त्यांनी दोन मोठी पोती गवंड्याला परत केली, मधलं दुसऱ्या दिवशी. चौथं कुठे, असं त्याने विचारलं तेव्हा, देतो की, म्हणाले. पुढे भिंत पुरी झाली, तिला रंगही लागला. ते लहान पोतं अजून मागच्या बाकड्यावर आहे, पट्टा लावून. गवंडी अधूनमधून आठवण करतो. देतो की, म्हणतात.