काकीला कुणी विचारलं?

एम.ए.ला मानसशास्त्र घेतलं तेव्हा अख्ख्या चाळीने मला 'वेड्यांची डॉक्टरीण' म्हणायला सुरुवात केली. तेव्हापासून माझं डोकं जे तापलंय, ते अजून थंड झालेलं नाही. भांडुपच्या चढावर राहणाऱ्या मालवणी माणसाला तापायला तसंही फार लागत नाही म्हणा.

त्या वर्षी घरात एकच विषय होता, काकी. म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. काका गेले, मूलबाळ नव्हतं, आणि आमच्या भिंतीला लागून असलेल्या खोलीत ती एकटी राहायची. काका गेल्यापासून तिने बोलणंच टाकलं होतं. दारात बसून भाजी निवडायची, कुणी काही विचारलं तर मान फिरवायची. बाबांनी ठरवून टाकलं, वहिनीचं डोकं ठिकाणावर नाही, तिला गावच्या घरात नेऊन ठेवायची. गावच्या घरात कोण आहे? कोणी नाही, कुलूप आहे! आणि इकडे दादाचं लग्न ठरत होतं, त्याला खोली हवी होती. पण हे कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. "तूच शिकतेस ना ते? तूच तपास तिला आणि सांग," बाबा मला म्हणाले.

मुलुंडच्या कॉलेजात आमच्या सरांची एक पद्धत होती. एकच माणूस घ्यायचा आणि प्रत्येक गटाने त्याच्याकडे वेगळ्या सिद्धांतातून बघायचं. मी काकीची गोष्ट सांगितली. मनोविश्लेषणवाल्यांनी लगेच तिचं लहानपण उकरलं, आईची माया मिळाली नसणार म्हणे. वर्तनवादी म्हणाले, ती गप्प बसली की घरचे चहा आणून देतात, म्हणून ती गप्प बसते. चहा! आमच्या घरात बसल्या जागी कोणी कोणाला चहा दिलाय? तिसऱ्या गटाला तिच्या विचारांत चूक सापडली, चौथ्याला तिचा आत्मविकास खुंटलेला दिसला. ऐकायला सगळं झकास होतं. फक्त तिच्याशी कुणीच बोललं नव्हतं.

मग प्रबंधाची वेळ आली. सरांनी चिंता मोजायची एक प्रश्नावली हातात दिली. चाळीतल्या बायकांकडून हो-नाही भरून आण, आकडे काढू, म्हणाले. हळदीकुंकवाला सगळ्या आमच्या गॅलरीत जमल्या होत्या, काकीलाही आईने हाताला धरून आणून बसवलं होतं. तिला मुद्दाम कुंकूही लावलं. अर्ध्या जणींचे चष्मे घरी, तेव्हा प्रश्न मीच मोठ्याने वाचायचे असं ठरलं.

आणि तिथेच वाट लागली. आमच्यात गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा माणूस देवापुढे उभा राहून खणखणीत आवाजात एकेक मागणं मागतो, आणि प्रत्येक मागण्यावर जमलेले सगळे एका सुरात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" मागणं नीट ऐकू आलं नाही तरी म्हणतात. नाही म्हणायची सोयच नसते.

मी कागद समोर धरून वाचलं, "मला विनाकारण भीती वाटते."

मागून एक आजी ओरडली, "व्हय म्हाराजा!"

जो काय हशा उठला! "माझ्या छातीत धडधडतं." सगळ्या एकदम, "व्हय म्हाराजा!" मी दटावलं, हात जोडले, पण एकदा सूर लागला की लागला. शेवटच्या प्रश्नापर्यंत व्हय, आणि प्रत्येकीच्या कागदावर खूणही 'हो'वरच. काकीसुद्धा पदर तोंडाला लावून म्हणत होती. काका गेल्यापासून तिला हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

हे कागद फुकट गेले, असं सांगायला मी ते सरांकडे नेले. सरांचा चेहरा खुलला. "सगळ्याच्या सगळ्या तीव्र चिंतेच्या? अगं, इतका स्वच्छ निकाल कुणाला मिळतो!"

"सर, त्या मस्करी करत होत्या."

"उत्तर ते उत्तर. मस्करीचं लिहू नकोस."

घरी बाबा वाटच बघत होते. "निघालं ना काहीतरी? मग लिहून दे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका बाजूला सरांना आकडे हवेत, दुसऱ्या बाजूला बाबांना खोली हवी, आणि दोघांनाही सही माझी पाहिजे! दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगितलं, हे मी देणार नाही, एकेका बाईची मुलाखत घेणार.

"गप्पा मारणं म्हणजे संशोधन नव्हे. वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे, सर. आणि मुलाखतीची पद्धतही तुम्हीच शिकवलीत."

सुरुवात काकीपासून केली. दुपारी ती बांगडे साफ करत होती, मी समोर पाटावर बसले. यावेळी कागद नव्हता. "काकी, तुका भीती वाटता?"

तिने सुरीने एका बांगड्याचं डोकं उडवलं. मग म्हणाली, "भीती? माका कसली भीती? माका राग येता."

"कोणाचो?"

"तुमच्या सगळ्यांचो. माझ्यासमोर माझ्याबद्दल बोलतत. हिका काय झाला, हिका खंय ठेवची. मी खंय ऱ्हवतलंय, तां माका कोणी इचारूक नाय. मगे मी कशाक बोलू?"

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. त्या प्रश्नावलीत भीती होती, झोप होती, धडधड होती. रागाचा एकसुद्धा प्रश्न नव्हता.

प्रबंधात मी तेच लिहिलं. हळदीकुंकवाचा फजितवाडाही लिहिला, गाळला नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाई म्हणाल्या, "यात सिद्ध काय झालं?" मी म्हटलं, "विचारायची रीत चुकली की उत्तर चुकतं, एवढं झालं." मार्क बेताचे पडले. पडू देत! बाबांना मी एवढंच सांगितलं की काकी आजारी नाही, रागावलीय. ते म्हणाले, "हे शिकायला कॉलेजात गेलीस?" आणि दादाच्या खोलीची बोलणी चालूच राहिली.

गणपती आले. पहिल्या दिवशी आरती झाली आणि बाबा टोपी घालून गाऱ्हाण्याला उभे राहिले. मागे आम्ही सगळे, शेजारच्या बायका, दादाच्या होणाऱ्या सासरची माणसं.

"झिलाचा लगीन बरां पार पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि आमची वयनी गावच्या घरात सुखान ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

काकी माझ्या शेजारीच उभी होती. आवाज चढवला नव्हता, पण सगळ्यांनी ऐकलं, कारण बाकीच्यांचा 'व्हय' निघायच्या आधीच ती बोलली होती. बाबा वळले. आधी माझ्याकडे बघितलं त्यांनी. मी नजर खाली घातली नाही.

"मी हयसरच ऱ्हवतलंय, ह्या माझ्या खोलीत," काकी म्हणाली. "परत घाला गाऱ्हाणां, भावजी."

बाबांनी घसा खाकरला. आम्ही बायका व्हय म्हणायला उभ्याच होतो.